जर्मन घराण्यातल्या सैनिक पूर्वजाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न करून मी जर्मनीत आले त्याला वीस वर्षं झाली. सासूबाईंचे वडील जून १९४४ मध्ये बेलारूसच्या आघाडीवर बेपत्ता झाले. सासूबाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांचा माग काढताना जे शिकत गेले, ते जर्मन घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे लिहिते आहे. आमची मुलं इथल्या शाळेत दोन्ही महायुद्धं शिकतात आणि घरी येऊन विचारतात, "पणजोबा तेव्हा कुठे होते?" या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कुठून करायची?

घरातून. जुने कागद पोटमाळ्यावर, तळघरात, नाहीतर शिवणयंत्राच्या खणात ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात सापडतात. आमच्या डब्यात ४१ पत्रं निघाली, गणवेशातला एक फोटो निघाला, आणि रेड क्रॉसने १९७० च्या दशकात पाठवलेला टाइप केलेला एक कागद. पुढचा सगळा शोध तेवढ्यावर उभा राहिला.

कोणत्याही कार्यालयाला लिहिण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा : पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव. घरी हाक मारायचं नाव चालत नाही, जन्मनोंदीत लिहिलेलं नाव लागतं. माझा पहिला अर्ज यातच फुकट गेला. घरात सगळे त्यांना हान्स म्हणायचे म्हणून मीही हान्स लिहिलं. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं, अशी व्यक्ती आढळली नाही. मग लग्नाची नोंद काढली, तर नाव होतं कार्ल योहानेस. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा वाट पाहणं.

हे तपशील मिळण्याची उत्तम जागा म्हणजे 'फामिलिएनश्टामबूख', लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयातून मिळणारी कुटुंबाची पुस्तिका. काही घरांत नाझी काळातला 'आनेनपास'ही सापडतो. आपल्या रक्तात ज्यू अंश नाही हे सिद्ध करायला लोकांनी ती पुस्तिका भरून घेतली होती. ज्या हेतूने ती भरली गेली तो घृणास्पदच, पण आत तीन-चार पिढ्यांच्या चर्चमधल्या नोंदी तारखांसह असतात. कुटुंबात एकही पुस्तिका उरली नसेल तर जन्मगावच्या नोंदणी कार्यालयाला, म्हणजे 'श्टांडेसआम्ट'ला लिहा. सबंध जर्मनीत जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८७६ पासून आहे. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात ती १८७४ मध्येच सुरू झाली होती. त्याआधीचं पाहायचं तर चर्चची पुस्तकं.

फोटो सापडला की आधी उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यातलं शहर बहुधा पलटणीच्या छावणीचं असतं. पहिल्या महायुद्धातल्या फोटोंत खांद्यावरच्या पट्टीवर रेजिमेंटचा आकडा शिवलेला दिसतो. भिंग लावून बघा.

ते नेमके कोणत्या युद्धात होते हे कसं कळणार?

जन्मवर्षावरून बराच अंदाज येतो. साधारण १८७० ते १९०० मध्ये जन्मलेले पहिल्या महायुद्धात, आणि १९०० नंतर १९२८ पर्यंत जन्मलेले दुसऱ्या. १८९० च्या दशकात जन्मलेले अनेक जण दोन्ही युद्धांत होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'फोल्क्सश्टुर्म' हे नागरिकांचं दल उभं राहिलं, त्यात सोळा वर्षांच्या मुलांपासून साठीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ओढलं होतं. त्यामुळे "आमचे आजोबा वयामुळे गेलेच नसतील" असं धरून चालू नका.

पहिल्या महायुद्धाचे सगळे कागद जळाले म्हणतात. मग शोधून काय उपयोग?

जळाले हे खरं, सगळे जळाले हे खरं नाही. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडामवर बाँब टाकले. तिथे लष्कराचं अभिलेखागार होतं, आणि प्रशियाच्या सैन्याची बहुतेक सगळी दप्तरं त्यात गेली. पण कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात जर्मनीचं सैन्य एकाच मंत्रालयाच्या हाताखाली नव्हतं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेमबर्ग यांची युद्धमंत्रालयं वेगळी होती आणि दप्तरंही वेगळी. म्हणून पूर्वज कोणत्या राज्याच्या सैन्यात होता यावर बरंच ठरतं.

बव्हेरियाचा असेल तर भाग्य समजा. म्युनिकच्या 'क्रीग्सआर्किव' या लष्करी अभिलेखागारात सैनिकांच्या नोंदवह्या, म्हणजे 'क्रीग्सश्टामरोलं', टिकून आहेत. त्यांचं स्कॅनिंग झालं असून वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळावर त्या पाहता येतात. एका माणसाची ओळ दोन पानांवर आडवी पसरलेली असते : नाव, धर्म, जन्मगाव, धंदा, आईवडिलांची नावं, कोणत्या लढायांत होता, कधी जखमी झाला, कुठल्या इस्पितळात पडला, पदकं, वागणूक आणि झालेल्या शिक्षा. एका ओळखीच्या घरासाठी ती वही वाचताना त्यांच्या पणजोबांच्या रकान्यात परवानगीशिवाय रजा लांबवल्याबद्दल कोठडी लिहिलेली दिसली. रजेची तारीख मोठ्या मुलीच्या जन्माच्या आठवड्यातली होती. घरात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

व्युर्टेमबर्गसाठी श्टुटगार्टचं, सॅक्सनीसाठी ड्रेस्डेनचं अभिलेखागार. बाडेनच्या पलटणी प्रशियाच्या सैन्यात सामील होत्या, तरी तिथल्या कोअरचे, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या दलाचे, बरेच कागद कार्ल्सरूहला आहेत.

प्रशियाच्या शिपायासाठी आडवाट धरावी लागते. पहिला आधार 'फेर्लुस्टलिस्टन', म्हणजे युद्धकाळात सरकार छापत असलेल्या मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदेत गेलेल्यांच्या याद्या. 'कॉम्पजेन' या वंशावळ-अभ्यासकांच्या संस्थेतल्या स्वयंसेवकांनी त्यातल्या सुमारे ८५ लाख नोंदी एकेक करून टंकित केल्या. तिथला शोध फुकट आहे. या लोकांचे उपकार मानावे तेवढे थोडे. सुरुवातीच्या याद्या पलटणीप्रमाणे लावलेल्या आहेत. नंतर शत्रूला माहिती मिळू नये म्हणून पलटण वगळली आणि आडनावांच्या क्रमाने छापायला लागले. तिथे फक्त नाव, गाव आणि काय झालं तेवढंच मिळतं. नाव सापडलं की स्कॅन केलेलं मूळ पान उघडून पाहा. फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाच्या छपाईत मोठा 'के' आणि मोठा 'आर' सहज एकमेकांसारखे वाटतात, आणि टंकित करणाराही माणूसच.

दुसरा आधार गावातलाच. जवळपास प्रत्येक जर्मन गावात चर्चजवळ युद्धस्मारक असतं आणि त्यावर गावातल्या मृतांची नावं कोरलेली असतात. कॅथलिक बव्हेरियात मृताच्या प्रार्थनेला 'श्टेरबेबिल्ड' वाटायची रीत होती : तळहाताएवढं कार्ड, त्यावर फोटो, पलटण, मृत्यूची तारीख आणि जागा. म्हाताऱ्या बायकांच्या प्रार्थनापुस्तकांत खुणेच्या जागी ती अजून सापडतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकासाठी अर्ज कुठे करायचा?

बर्लिनला, 'बुंडेसआर्किव' या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या व्यक्तिविषयक माहिती विभागाकडे. इंटरनेटवर आणि जुन्या पत्रांत तुम्हाला 'व्हास्ट' किंवा 'डॉयचे डीन्स्टश्टेल' ही नावं दिसतील. ते हेच कार्यालय. युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, २६ ऑगस्ट १९३९ ला, मृत आणि कैदी सैनिकांची नोंद ठेवायला ते उघडलं गेलं. बाँबहल्ल्यांमुळे १९४३ मध्ये ते थ्युरिंगियाला हललं, युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात जाऊन बर्लिनला परतलं, आणि १ जानेवारी २०१९ पासून बुंडेसआर्किवमध्ये विलीन झालं. एवढ्या स्थलांतरांतून तिथली १ कोटी ८० लाखांहून जास्त कार्डं वाचली, याचं मला अजून नवल वाटतं.

साध्या शिपायाची वैयक्तिक फाइल बहुतेकदा उरलेली नसते. मिळतं ते असं : ओळखबिल्ल्यावरचा मजकूर, कोणत्या तारखेला कोणत्या तुकडीत होता, कधी कोणत्या लष्करी इस्पितळात भरती झाला, आणि मृत्यू किंवा कैदेची नोंद. तुकड्या बिल्ल्यांच्या याद्यांमधले बदल दर महिन्याला कळवत, त्यातून हे जुळवलेलं असतं. १९४५ च्या शेवटच्या महिन्यांत कळवणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिथे रिकामी जागा दिसली तर निराश होऊ नका. अधिकाऱ्यांच्या फाइली फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात पाहायच्या.

माणसाच्या मृत्यूला दहा वर्षं झाली असली, किंवा मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यास जन्माला शंभर वर्षं झाली असली, की संरक्षणाची मुदत संपते. त्यामुळे सुनेने किंवा नातजावयाने अर्ज केला तरी अडचण येत नाही. उत्तराला मात्र महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षही. पोच आली की त्यावरचा प्रकरण क्रमांक जपून ठेवा. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच चालतो.

मला जर्मन नीट येत नाही. अर्ज कसा लिहू?

अर्जाचा फॉर्म असतो, तोच भरा. सोबत चार ओळी पुरतात : मी अमक्याची नातसून, त्यांच्या लष्करी सेवेची माहिती हवी, पूर्ण नाव आणि जन्म असा, शेवटचा पत्ता असा. बायकोचं किंवा आईवडिलांचं नाव द्या, कारण एकाच नावाचे डझनभर सैनिक निघतात. घरातल्या कागदांच्या प्रती जोडा, अस्सल कधीही पाठवू नका. घरची कहाणी तीन पानं लिहिली तर कारकुनाला त्यातून जन्मतारीख शोधत बसावं लागेल.

घरात धातूचा बिल्ला आणि एक छोटी पुस्तिका आहे. त्यावरून काय कळतं?

बिल्ला अंडाकृती असतो आणि मधोमध तुटण्यासाठी चिरा असतात. दोन्ही भागांवर एकच मजकूर. सैनिक मेला की खालचा भाग तोडून घ्यायचा आणि वरचा मृतदेहाबरोबर पुरायचा. तुमच्याकडे अख्खा बिल्ला असेल तर माणूस तो घेऊन घरी आला असावा. त्यावरची तुकडी ही बिल्ला ज्यांनी दिला त्यांची, म्हणजे बहुधा भरतीनंतरच्या प्रशिक्षण तुकडीची. पुढे तो माणूस कितीही ठिकाणी फिरला तरी बिल्ला सहसा तोच. "बिल्ल्यावर अमुक बटालियन आहे, म्हणजे ते तिथे लढले" हा निष्कर्ष फार जण काढतात आणि चुकतात.

पुस्तिका दोन प्रकारच्या. 'झोल्डबूख' म्हणजे पगारपुस्तिका, शिपायाच्या खिशात कायम असलेली : बढत्या, लसी, चष्मा, रजा, मिळालेले कपडे. 'वेअरपास' शिपायाकडे नसे. तो सेवेत असेपर्यंत त्याच्या तुकडीकडे राही, आणि सुटका झाली की त्याला किंवा मेल्यावर घरच्यांना देत. शोधणाऱ्यासाठी वेअरपास जास्त मोलाचा, कारण त्यात तुकड्यांची आणि लढायांची यादी ओळीने असते.

पत्रांवर पत्ता नाही, नुसता पाच आकडी क्रमांक आहे.

तो फेल्डपोस्टचा, म्हणजे रणभूमीच्या टपालाचा क्रमांक. आघाडीवरची जागा शत्रूला कळू नये म्हणून प्रत्येक तुकडीला आकडा दिलेला असे. त्या आकड्यांच्या सूची आता उपलब्ध आहेत. फक्त एक काळजी घ्या : तुकडी संपली की तोच आकडा पुढे दुसऱ्या तुकडीला मिळत असे. म्हणून आकडा आणि पत्राची तारीख नेहमी एकत्र पाहा. आम्ही ४१ पत्रं तारखेने लावली आणि कागदावर दोन रकाने केले, तारीख आणि आकडा. आकडा तीन ठिकाणी बदलला होता. त्या तीन जागांनी आम्हाला त्यांच्या बदल्यांच्या तारखा दिल्या, सरकारी उत्तर यायच्या कितीतरी आधी.

पत्रं टाकून देऊ नका, विकूही नका. घरात ठेवायला कुणी नसेल तर बर्लिनच्या टपाल-संपर्क संग्रहालयात फेल्डपोस्टचा मोठा संग्रह आहे, तिथे विचारा.

अक्षर एकही लागत नाही. ही जर्मनच आहे ना?

जर्मनच आहे, लिपीचं वळण वेगळं आहे. त्याला कुरेंट म्हणतात, आणि १९११ मध्ये लुडविग झ्युटर्लिन यांनी शाळांसाठी बेतलेल्या त्याच्या सोप्या रूपाला झ्युटर्लिन. १९४१ मध्ये सरकारनेच हे वळण शाळांतून काढलं. म्हणून आज साठीच्या जर्मन माणसालाही आपल्या आजोबांचं पत्र वाचता येत नाही.

आपल्याला यात काही नवीन नाही. आपल्याकडे पणजोबांची मोडीतली खाती-पत्रं घरात असतात आणि वाचणारा कुणी नसतो, अगदी तसंच. मोडी शिकलेल्या माणसाला कुरेंट लवकर जमतं असा माझा अनुभव आहे, कारण हात न उचलता लिहिलेली ओळ कुठे तोडायची याची डोळ्याला सवय झालेली असते. कुरेंटमध्ये 'ई' हे अक्षर हुबेहूब 'एन'सारखं दिसतं, दोन टोकदार उभ्या रेघा. 'यू' ही तसाच, म्हणून त्याच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण देतात. लांब 'एस' वर-खाली दोन्हीकडे जातो. पहिल्या दिवशी मला पानभर फक्त करवतीचे दात दिसले. मग युक्ती सापडली : ठाऊक असलेला शब्द आधी शोधायचा. प्रत्येक पत्राची सुरुवात 'लीबं' म्हणजे 'प्रिय' या शब्दाने आणि पुढे बायकोच्या नावाने होत होती. तेवढ्यात आठ-नऊ अक्षरं हाताला लागली. ती कागदावर काढून भिंतीला लावली. रोज अर्धा तास बसले आणि तिसऱ्या आठवड्यात अख्खं वाक्य लागलं : "छोटीला सांग, नाशपातीच्या झाडावर एकटीने चढायचं नाही." ही छोटी म्हणजे आमच्या सासूबाई.

'ट्रान्सक्रिब्युस' नावाचा संगणकी वाचकही आता आहे. तो कच्चा मसुदा बरा देतो, पण गावांची आणि माणसांची नावं त्याच्यावर सोडू नका.

ते बेपत्ता झाले आणि पुढे काही कळलं नाही. आता कळेल का?

प्रयत्न जरूर करा. दोन दारं आहेत.

पहिलं 'फोल्क्सबुंड', १९१९ मध्ये स्थापन झालेली जर्मन युद्धकबरींची संस्था. ती चाळीसहून अधिक देशांतल्या आठशेहून जास्त दफनभूमी सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून फुकट शोधता येतं. पूर्व युरोपात अजूनही दरवर्षी हजारो सैनिकांचे अवशेष उकरून रीतसर पुरले जातात, त्यामुळे आज नाव सापडलं नाही तरी दोन वर्षांनी पुन्हा पाहा. शोधविनंती नोंदवूनही ठेवता येते.

दुसरं दार जर्मन रेड क्रॉसच्या शोधसेवेचं. १९५० च्या दशकात त्यांनी बेपत्ता सैनिकांचे फोटो छापलेले दोनशेहून अधिक जाड खंड काढले आणि ते घेऊन परतलेल्या कैद्यांकडे गेले : यांतलं कुणी ओळखता का? कुठे पाहिलं होतं? लाखो कुटुंबांना पुढे लेखी अभिप्राय मिळाले. आमच्या डब्यातला टाइप केलेला कागद तोच. त्यात लिहिलं होतं की त्यांच्या तुकडीतल्या परतलेल्यांच्या जबान्यांवरून ते बेरेझिना नदीजवळच्या माघारीत मारले गेले असण्याची दाट शक्यता आहे. २२ जून १९४४ ला सोव्हिएत सैन्याचा हल्ला सुरू झाला आणि काही आठवड्यांत जर्मनीची मधली आघाडी सगळीच कोसळली. बेपत्तांच्या नोंदींत तो उन्हाळा पुन्हा पुन्हा येतो.

एक सूचना महत्त्वाची. कागदावर मृत्यूची तारीख ३१ डिसेंबर १९४५ असेल तर ती खरी तारीख समजू नका. विधवेला निवृत्तिवेतन मिळावं, पुन्हा लग्न करता यावं म्हणून न्यायालयं बेपत्ता माणसाला मृत घोषित करत, आणि कायद्याने बहुधा हीच तारीख लावत. अशा घोषणांची नोंद बर्लिनच्या पहिल्या क्रमांकाच्या श्टांडेसआम्टमध्ये असते.

आजोबा युद्धकैदी होते एवढंच माहीत आहे.

कोणाच्या कैदेत ते आधी ठरवा. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने स्कॅन करून खुली केली आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी बर्लिनच्या त्याच विभागाकडे विचारा. सोव्हिएत कैदेतून परतलेल्यांच्या फाइली मॉस्कोच्या लष्करी अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ माहितीची नक्कल जर्मन रेड क्रॉसकडे आहे. सुरुवात तिथूनच करा.

ते नाझी होते का? हे विचारायची भीती वाटते.

भीती वाटणं स्वाभाविक आहे. तरी विचारा. यात दोन प्रश्न गुंतलेले असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

पहिला प्रश्न, पक्षाचे सभासद होते का. नाझी पक्षाच्या सभासदांची कार्डं म्युनिकजवळच्या कागदगिरणीत लगदा करायला पाठवली होती, पण तिथल्या व्यवस्थापकाने ती नष्ट होऊ दिली नाहीत. बहुतेक सूची आज बर्लिनच्या लिख्टरफेल्ड भागात बुंडेसआर्किवमध्ये आहे. युद्धानंतर प्रौढ माणसांना प्रश्नावली भरावी लागली, आणि अमेरिकी भागात लवादापुढे पाच वर्गांपैकी एकात बसवलं गेलं : मुख्य अपराधी, दोषी, कमी दोषी, मागे मागे गेलेले, निर्दोष. त्या फाइली राज्यांच्या अभिलेखागारांत मिळतात. त्या वाचताना लक्षात ठेवा, की शेजारी, पाद्री, जुने मित्र सगळे एकमेकांना चांगुलपणाची प्रमाणपत्रं लिहून देत होते.

दुसरा प्रश्न, ते जिथे होते तिथे काय घडलं. सैन्यात असताना पक्षाचं सभासदत्व १९४४ पर्यंत कायद्याने स्थगित असे. म्हणून "आजोबा पक्षात नव्हते, साधे शिपाई होते" या वाक्यातून युद्धातलं काहीच कळत नाही. तुकडी कुठे होती ते पाहावं लागतं. डिव्हिजनांच्या युद्धदैनंदिन्या फ्रायबुर्गला आहेत. युद्धगुन्ह्यांच्या तपासासाठी १९५८ मध्ये लुडविग्सबुर्गला केंद्रीय कार्यालय उघडलं, त्याचे कागदही आता बुंडेसआर्किव सांभाळतं. तुकडीचं नाव देऊन तिथे चौकशी करता येते.

आमच्या उत्तराच्या दोन पानांत एक ओळ अशी होती की १९४२ च्या शरद ऋतूपासून पुढचं वर्षभर ते बेलारूसमध्ये एका सुरक्षा डिव्हिजनच्या बटालियनमध्ये होते. या डिव्हिजन आघाडीवर लढत नव्हत्या. त्या मागच्या मुलखात रस्ते आणि रेल्वे राखत, आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या स्थानिक टोळ्यांविरुद्धच्या मोहिमांत भाग घेत. बेलारूसमध्ये त्या मोहिमांत शेकडो गावं माणसांसकट जाळली गेली. सासूबाईंच्या वडिलांनी स्वतः काय केलं हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही. पण त्याच महिन्यांतली सात पत्रं आमच्याकडे आहेत. त्यांत चिखल आहे, दातदुखी आहे, छोटीसाठी मोजे आहेत, आणि एका पत्रात फक्त एवढं : "इथल्या कामाबद्दल लिहीत नाही." मी ते वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मुलांना सांग. मी जिवंत असेपर्यंतच सांग." मी सांगितलं.

गणवेशावर एसएसची चिन्हं आहेत.

वाफेन-एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाचे, कागदही बुंडेसआर्किवमध्ये आहेत. अधिकाऱ्यांच्या फाइली आणि लग्नाच्या परवानगीचे अर्ज बऱ्याच अंशी टिकले आहेत. लग्नाच्या अर्जात स्वहस्ताक्षरातलं आत्मवृत्त असतं. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत तरुण मुलांची तिथे सक्तीनेही भरती झाली, म्हणून भरतीची तारीख आणि वय आधी पाहा.

त्यांचं गाव नकाशावर सापडत नाही.

बहुधा ते आता पोलंडमध्ये किंवा रशियात आहे. ब्रेसलाऊचं व्रोत्सवाफ झालं, श्टेटिनचं श्चेचिन, क्योनिग्सबेर्गचं कालिनिनग्राड. जर्मन आणि पोलिश नावांची जुळणी करणाऱ्या सूची मिळतात, आणि पोलिश सरकारी अभिलेखागारांनी बरीच नोंदपुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. गाव जर्मनीतच असेल तर तालुका आणि प्रांत लिहून घ्या. आपल्याकडे जशी वडगावं आणि पिंपळगावं, तशी तिकडे नॉयश्टाट.

महाराष्ट्रात काही शोधण्यासारखं आहे का?

आहे, आणि ते जर्मनांना ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धात अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) मोठी छावणी होती. भारतातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी तिथे स्थानबद्ध होते, आणि जर्मन पूर्व आफ्रिकेत पकडलेले लोकही तिथे आणले गेले. दुसऱ्या महायुद्धात १९३९ मध्ये ती छावणी पुन्हा भरली. १९४१ मध्ये कैद्यांना देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवलं. गिर्यारोहक हाइनरिख हारर याच वाटेने गेला. सातारा आणि पुरंदरलाही काही जर्मनांना पळून न जाण्याच्या वचनावर ठेवलं होतं. पत्रावर अहमदनगरचा शिक्का असेल तर जिनिव्हाची कार्डं, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरं, या तिन्ही ठिकाणी पाहा.

माझे पणजोबा मराठा पलटणीत इटलीला होते आणि नवऱ्याचे आजोबा तिथेच समोरच्या बाजूला. हे जुळवता येईल?

येईल, दोन्हीकडच्या तुकड्या कळल्या तर. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी समोरासमोर लढल्या. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतीय मृतांचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर घ्या. फोर्लीला भारतीय सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे. जर्मनांची इटलीतली सर्वांत मोठी तिथून फार लांब नाही, फुता खिंडीत, तीस हजारांहून अधिक कबरी. एकाच सहलीत दोन्ही होतात. मुलांना घेऊन जा.

अर्ज केला. आता उत्तर येईपर्यंत काय करू?

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. "आजोबा युद्धात काय करत होते?" असं विचारलं तर "काही माहीत नाही" हेच उत्तर येतं. लहान गोष्टी विचारा. पत्र कोण आणायचं? कोण वाचून दाखवायचं? त्यांची सायकल पुढे कुणी वापरली?

सासूबाईंना मी विचारलं होतं, "नाताळला काय करायचात?" त्या म्हणाल्या, आई दरवर्षी एक ताट जास्तीचं मांडायची, काटा-चमच्यासकट. सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाऊर मॉस्कोला गेले आणि शेवटच्या सुमारे दहा हजार कैद्यांची सुटका ठरली, तेव्हा आईने रेडिओवर रोज नावं ऐकली. त्या नाताळलाही ताट मांडलं. पुढच्या वर्षी मांडलं नाही.

आमचा अर्ज दुसऱ्यांदा गेला त्याच आठवड्यात त्यांनी हे सांगितलं. त्यांच्या नवऱ्यानेही ते तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.